लिंबूटिंबूला कशाला खेळवता म्हणे

परवा कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. आमची अमरावतीची इंजिनिअरिंगची बॅच, त्यातले निम्मे आता पुण्यात हिंजवडी-बाणेरला सेटल, आणि त्यातल्याच एकाने टाकलं की टी-20 वर्ल्ड कपात 20 टीम कशाला पाहिजेत, नुसता टाइमपास, हे लिंबूटिंबू काढून टाका अन् सात-आठ खऱ्या टीममध्ये काय ते होऊन जाऊ द्या. लगेच धडाधड अंगठे. मी इथे सकाळी साडेसहाला, कॉफी हातात, ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलायचा बाकी, आणि हे वाचून जो तापलो तो अजून तापलेलाच आहे. दोन स्क्रीन भरतील एवढं टाइप केलं तर उत्तर काय आलं, "आले एनआरआय भाऊ, ग्यान घेऊन". बरं. तिथे ग्यान नको ना, मग इथे लिहितो.

मुळात लिंबूटिंबू म्हणजे काय हे मला सांगू नका, मी स्वतः होतो. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, आई त्याला सांगायची याला खेळायला घेऊन जा नाहीतर तूही जाऊ नको. मग मला घ्यायचे. दोन्ही टीमकडून फिल्डिंग, बॅटिंग सगळ्यात शेवटी, उजेड गेल्यावर, आणि बोल्ड झालो तरी "राहू दे रे, लिंबूटिंबू आहे" म्हणून परत एक बॉल. त्या "राहू दे रे"चा जो राग यायचा! आउट झालो तर आउट द्या ना बे. पण घरी बसवून ठेवलं असतं तर त्याहून जास्त राग आला असता, हे पण तेवढंच खरं.

आणि आपण कोणाला लिंबूटिंबू म्हणतोय? 1975 आणि 1979 हे दोन वर्ल्ड कप मिळून भारताने एक मॅच जिंकली होती, ती पण ईस्ट आफ्रिकेविरुद्ध. 1979 ला तर श्रीलंकेकडून हरलो, आणि श्रीलंका तेव्हा टेस्ट खेळणारा देशही नव्हता. तेव्हा लॉर्ड्सवर बसलेला एखादा साहेब म्हणाला असता की काढा यांना, पाच खऱ्या टीम पुरे, तर 1983 कुठून आलं असतं? हे लिहिलं तर ग्रुपवर म्हणे, "ते वेगळं होतं." काहून वेगळं? तर ते आपण होतो म्हणून.

आता इकडचं, म्हणजे अमेरिकेतलं सांगतो. (आलं "इकडचं", फिरवा डोळे.) मी 2009 ला एमएसला आलो ते नॉर्दर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीला (एनआययू), डिकॅल्बमध्ये. शिकागोच्या पश्चिमेला तास-सव्वातास, चारी बाजूंनी मका अन् सोयाबीन. पहिल्या आठवड्यात ॲनी ग्लिडन रोडवरून चालत वॉलमार्टला जाताना सोयाबीन बघून मला वाटलं, एवढं विमानात बसून आपण परत चांदूर रेल्वेच्या रस्त्यालाच उतरलो का काय. गावाची ख्याती म्हणजे काटेरी तार, ग्लिडन नावाच्या इथल्याच शेतकऱ्याने 1874 ला तिचं पेटंट घेतलं. आणि दुसरं म्हणजे कॉलेजचं फुटबॉल (अमेरिकन, बॉल हातात घेऊन पळायचं ते), पण ते फक्त आम्हाला माहीत. आमची टीम हस्कीज. स्टुडंट तिकीट फुकट, म्हणून आम्ही चार देशी पोरं जायचो, नियम कळायला अख्खा सीझन गेला.

तर 2024 च्या सप्टेंबरात आमची मॅच होती नोटर डेमशी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या बड्या टीमशी. साउथ बेंडला, त्यांच्या घरात. नोटर डेम देशात पाचव्या नंबरवर, आदल्याच आठवड्यात टेक्सास ए अँड एमला त्यांच्या मैदानात हरवून आलेले, आणि माझ्या ऑफिसात निम्मी आयरिश-कॅथलिक जनता, म्हणजे विचारूच नका. लाइन, म्हणजे पैजेसाठी धरलेला जिंकण्याचा फरक, 28.5 पॉइंट. जिंकणार कोण हा वादच नव्हता, वाद होता कितीने. एक म्हणे हाफ टाइमलाच मुख्य पास फेकणाऱ्याला आराम, बॅकअप क्वार्टरबॅक येईल. दुसरा म्हणे 28.5 जरा जास्तच आहे, नोटर डेमची ऑफेन्सिव्ह लाइन पोरसवदा आहे, मोठा विजय मिळवून आलेत, पुढे पर्ड्यूशी मॅच, मधे हे डिकॅल्बवाले, ट्रॅप गेम आहे, गाफील राहून फसायची. आमचे जुने हस्कीवाले तर आकडे घेऊनच बसलेले: 2021 ला जॉर्जिया टेकला त्यांच्या घरी एका पॉइंटने पाडलं, 2023 ला बॉस्टन कॉलेजला ओव्हरटाइममध्ये पाडलं, आपण अधूनमधून एखाद्या मोठ्याला पाडतोच. आणि शेवटी सगळ्यांचा हुकमाचा एक्का, ॲपलेशियन स्टेट. 2007, समोर मिशिगन, तेही पाचव्या नंबरवर, स्टेडियमात लाखावर माणूस, आणि छोटे जिंकले 34-32. हा स्कोअर इथल्या अंडरडॉगवाल्यांना पाढ्यासारखा पाठ असतो.

मी ग्रुपवर लिहिलं ते एवढंच, की बघा, इथे 28.5 नी मागे असलेल्या टीमबद्दल लोक आठवडाभर भांडतात, पण "यांना खेळवताच कशाला" असं कोणी म्हणत नाही.

हे पूर्ण खरं नाही, हे मला लिहितानाच माहीत होतं. म्हणतात. बऱ्यापैकी म्हणतात. मोठ्या कॉन्फरन्सनी, म्हणजे कॉलेजांच्या मोठ्या लीगनी, आपला वेगळा घरोबा करावा ही चर्चा दर उन्हाळ्यात असतेच. आणि आमची तेव्हाची छोटी कॉन्फरन्स मॅक (मिड-अमेरिकन), तिच्या नोव्हेंबरातल्या मॅचेस कधी असतात? मंगळवारी, बुधवारी रात्री, कारण शनिवार मोठ्यांचा. कानाला दोन टोप्या घालून, रिकाम्या बाकांवर मंगळवारी रात्री मी मॅच बघितल्यात. आणि नोटर डेमने या मॅचसाठी एनआययूला 14 लाख डॉलर दिले होते. या, मार खा, चेक घ्या, घरी जा. त्या पैशावर आमच्यासारख्या कॉलेजचे बाकीचे खेळ चालतात. वर एखादा पोरगा चांगला निघाला की कॉलेज बदलायच्या ट्रान्सफर पोर्टलमधून मोठ्यांकडे पसार. म्हणजे लिंबूटिंबूला इथेही "राहू दे रे" आहेच, फक्त इथे त्याची मजुरी मिळते. पण हे ग्रुपवर लिहिलं की माझा मुद्दा गेला ना, म्हणून नाही लिहिलं.

तर मॅचचा दिवस. 7 सप्टेंबर, शनिवार, आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. सकाळी स्थापना झाली, संध्याकाळी सहाला आरती, अकरा फॅमिलीज येणार, बायको दादरची म्हणून उकडीचे मोदक (आमच्याकडे अमरावतीला तळणीचे असतात, हा वाद पंधरा वर्षांत मिटलेला नाही), आणि मी फॅमिली रूममध्ये टीव्ही म्यूट करून खुर्च्या लावतोय. म्हणजे एक खुर्ची लावतोय आणि दोन प्ले बघतोय. हाफ टाइमला बॅकअप क्वार्टरबॅक येणार होता तो काही येईना. आमच्या अँटारिओ ब्राउनने एक पास घेतला आणि 83 यार्ड पळत गेला तेव्हा मी हातातली सतरंजी तशीच टाकली. चौथ्या क्वार्टरला नोटर डेम 14, आम्ही 13. मग इंटरसेप्शन, म्हणजे त्यांचा पास आमच्या पोराने पकडला, बॉल आमच्याकडे, आणि 31 सेकंद असताना आमच्या किकरने 35 यार्डांवरून किक मारली, मधोमध. 16-14. शेवटी त्यांनी 62 यार्डांवरून किक मारायचा प्रयत्न केला, तो आमच्या पोराने हात वर करून अडवला, आणि मी जो ओरडलो तो थेट किचनपर्यंत, बायको मोदकपात्राचं झाकण तसंच हातात घेऊन बाहेर आली, झाकणावरून पाणी टपटप कार्पेटवर, "काय झालं, कोण पडलं?"

बेल वाजत होती, लोक येत होते, आणि टीव्हीवर आमचा कोच थॉमस हॅमक ढसाढसा रडत होता. हा माणूस स्वतः एनआययूला रनिंग बॅक म्हणून खेळलेला, बाल्टिमोर रेव्हन्सची एनएफएलची (प्रो फुटबॉल लीगची) नोकरी सोडून डिकॅल्बला परत आलेला. असं कोण परत जातं? मी बघत उभा राहिलो, एक काका मला बाजूला सरकवून गणपतीपुढे पेढे ठेवून गेले. आरतीला माझा आवाजच बसलेला, "घालीन लोटांगण"ला नुसती हवा, आणि मंडळाच्या एक मावशी म्हणाल्या, किती भाव आहे हो याच्यात.

हे सगळं मी ग्रुपवर मोठ्या रंगात लिहिलं (मावशी सोडून). बफेलोचं नाही लिहिलं. म्हणजे नोटर डेमला हरवल्यावर पुढची मॅच आम्ही घरी बफेलोशी खेळलो आणि ओव्हरटाइममध्ये हरलो. आणि नोटर डेमने तो राग पर्ड्यूवर काढला, 66-7, मग पुढे एकही मॅच न हरता थेट जानेवारीत नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल, तिथे ओहायो स्टेटने थांबवलं तेव्हाच थांबले. म्हणजे पॉवरहाउस ते पॉवरहाउसच राहिलं, आणि आमचा वाघ पुन्हा आपल्या मक्यात. पुण्यातल्या मित्राला हे कळलं तर तो म्हणेल, बघ, फ्लूक. तर म्हणू दे. स्कोअरबोर्डवर फ्लूक लिहायला वेगळा रकाना नसतो.

विदर्भालाही फ्लूकच म्हणाले होते. 2017-18 ला रणजीच्या पहिल्याच फायनलला पोचलो, इंदूरला दिल्लीला नऊ विकेटने धुतलं, गुरबानीची हॅटट्रिक, मी इथे रात्री जागून स्कोअर रिफ्रेश करत होतो. ग्रुपवर काय, "कोच मुंबईचा पंडित, जाफर मुंबईचा, तुमचं काय बे त्यात." पुढच्या वर्षी परत जिंकलो. मग 2024-25 ला सेमीफायनलला मुंबईलाच 80 रननी हरवून पुढे गेलो आणि तिसऱ्यांदा कप आणला. आणि हे बोलणारा राहतो पुण्यात, ज्या महाराष्ट्राच्या टीमने रणजी शेवटची जिंकली 1940-41 ला. मी हे लिहिलं तर त्याने विषय बदलला, म्हणे तू तर आता अमेरिकेचा, तुला विदर्भाचं काय एवढं.

हे मात्र लागलं. कारण 2024 च्या जूनमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, सौरभ नेत्रावळकरने ती ओव्हर टाकली, मुंबईचा मराठी पोरगा, दिवसा ओरॅकलला इंजिनिअर, तेव्हा मी तीन दिवस ऑफिसात छाती काढून फिरलो. आणि पुढच्याच आठवड्यात त्याने न्यूयॉर्कला कोहलीला पहिल्या बॉलवर काढलं तेव्हा निळा टीशर्ट घालून बसलेला मी शिवी देऊन मोकळा. मुलगी म्हणाली, बाबा, तो आपला आहे ना? म्हटलं, हो. म्हणाली, मग? तिचा जन्म इथला, तिला हे सोपं आहे. मी बारा-तेरा वर्षं ग्रीन कार्डाच्या लायनीत उभा आहे, टॅक्स भरतोय, मॉर्गेज भरतोय, बर्फ ढकलतोय, दोन्हीकडून फिल्डिंग चालू आहे, बॅटिंगचं अजून कोणी बोलत नाही.

आणि आता ते एक सांगूनच टाकतो. ऑफिसात दर आठवड्याला दहा डॉलरचा पैजेचा पूल असतो, लाइन धरून पिक द्यायचे. नोटर डेमच्या मॅचआधीच्या शुक्रवारी साउथ बेंडचा एक जण शीट घेऊन आला, माझ्या डेस्कशी थांबला, म्हणाला, तू कुठे शिकलास रे? मी म्हटलं, शिकागोजवळ. पंधरा वर्षं मी हेच सांगतो, शिकागोजवळ. आणि शीटवर टिक केली नोटर डेमवर, उणे 28.5. म्हणजे ते नुसते जिंकतीलच नाही तर किमान 29 ने जिंकतील. आमच्यातून खेळून गेलेला कोच रेव्हन्स सोडून परत आला, आणि मी, त्या सोयाबीनमधून चालत वॉलमार्टला गेलेला, दहा डॉलरसाठी म्हटलं राहू दे रे. लाल हस्की स्वेटशर्ट आहे माझ्याकडे, धुवून धुवून गुलाबी झालेला, तो सोमवारी घालून गेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शीट कोणी उघडून बघितली नाही, बघितली असेल तर बोललं नाही.

काल रात्री ग्रुपवर तोच पुण्यातला मित्र, भांडण विसरून एकदम: "भाऊ पण मानलं, तेव्हा तुझ्या कॉलेजवर पैसे लावले असतील ना तू? लंबा हात मारला असेल!" खाली बाकीच्यांचे पार्टी कधी, पार्टी कधी.

अजून रिप्लाय दिला नाहीये. ब्लू टिक मात्र गेली.