खालच्या काकू आणि ४४ हर्ट्झ

बेस म्युझिक, म्हणजे खालच्या जाड सुरांवर चालणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, ते बनवणाऱ्या माणसाची खरी गोची अशी की त्याचं म्युझिक सगळ्यांना ऐकू जातं, त्याला सोडून. हे मी विनयाने वगैरे म्हणत नाहीये, हे फिजिक्स आहे. ४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चाळीस कंपनांचा सूर घ्या, त्याची एक लाट साधारण साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट लांब. माझी खोली दहा बाय दहा, त्यात आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट, बाबांच्या जुन्या डायऱ्यांचे खोके आणि एक सिंगल बेड. वरचे सूर, म्हणजे ते च्यक्-च्यक् हाय-हॅट वगैरे, ते भिंतीला आपटून बऱ्यापैकी तिथेच थांबतात, पण बेसला भिंतीबिंतीचं काही पडलेलं नसतं, तो स्लॅबमधून उतरतो आणि दुसऱ्याच्या घरात बिनभाड्याने राहतो.

त्यात दहा फुटांच्या खोलीची आणखी एक भानगड. ५५-५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये असा काही अडकतो की भिंतीला टेकून उभं राहिलं तर नुसता धो-धो आणि बरोब्बर मधोमध बसलं तर गायब. आणि माझी खुर्ची बरोब्बर मधोमध आहे, कारण दुसरीकडे कुठे ती मावत नाही. म्हणजे ५५ हर्ट्झचा ए (इंग्रजी सुरांची नावं अशीच, ए, जी, एफ) गेला खोलीच्या पोटात. त्याच्या खालचा जी, ४९ हर्ट्झ, तो गेला लाइटवाल्यांना, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि बिल्डिंगचं वायरिंग जुनं, त्यामुळे स्पीकरमधून कायम एक हूंऽऽ चालू असतं. उरला एफ, साधारण ४४ हर्ट्झ. माझ्या झाडून सगळ्या ट्यून एफमध्ये आहेत आणि लोकांना वाटतं ही माझी स्टाइल आहे.

ग्रुपमधल्या एका मित्राने फार उत्साहाने अंड्यांचे ट्रे आणून दिले होते, भिंतीला चिकटव म्हणाला. आता पुठ्ठ्याने बेस अडत नाही हे मला माहीत होतं, त्याला जाड रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर लागते, तेही कोपऱ्यांत आणि वीत-वीतभर, पण फुकट आलेली वस्तू नाकारायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. आई दारात येऊन बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. आमच्या घरात अंडं येत नाही. मग फक्त एवढंच म्हणाली, "चातुर्मास संपेपर्यंत तरी थांबायचंस." पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती सांगत होती की ते नवीन ट्रे आहेत, कोरे, त्यात कधी काही ठेवलेलं नव्हतं.

तर काकू. काकू आमच्या बरोब्बर खाली राहतात, आणि त्यांच्या हॉलमध्ये, म्हणजे माझ्या सबवूफरच्या (थोडक्यात सब, सगळ्यात खालचे सूर काढणारा स्पीकर) थेट पायाखाली, त्यांचं काचेचं शोकेस आहे. त्यात बोन चायनाचा टी सेट, काकांना रिटायरमेंटला मिळालेली ट्रॉफी, आणि कुणीतरी परदेशातून आणलेले सहा नाजूक ग्लास, ज्यांत आजवर कुणी पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. माझा एफ लागला की ते ग्लास किणकिणतात. सगळे नाही, डावीकडून दुसरा आणि चौथा.

पहिल्यांदा त्या वर आल्या त्या भूकंप झाला का विचारायला. मग भूकंप कुठून येतो ते कळल्यावर रीतसर लेखी तक्रार. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय क्रमांक चार, "वरील मजल्यावरील अज्ञात कंपनांबाबत", पाच म्हणजे टाकी धुणे. आमचे सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो, त्यांनी मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप टाकलं आणि आम्ही सगळे, कमिटीसकट, काकूंच्या हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर बसलो. वर बाबांना प्लेचं बटण दाबायला ठेवलं होतं. ॲप दाखवतंय ४२. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल चालतं. म्हणजे मी रात्रीच्याही नियमात! आणि समोर दुसरा आणि चौथा ग्लास किण-किण-किण, आणि काकू त्या ग्लासांकडे बोट दाखवून काहीही न बोलता बसलेल्या.

यातली ग्यानबाची मेख मला माहीत होती पण मी गप्प बसलो. हे डेसिबल मीटर माणसाच्या कानाच्या हिशोबाने मोजतात, त्याला ए-वेटिंग म्हणतात, आणि कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ५० हर्ट्झला मीटर चक्क तीस डेसिबल सोडून देतो, त्याच्या खाली तर आणखीनच जास्त. म्हणजे कागदावर मी सज्जन, शोकेसमध्ये गुन्हेगार. सेक्रेटरींनी मिनिट्समध्ये लिहिलं, "आवाज आढळला नाही, ग्लास हलताना आढळले." असा निकाल हायकोर्टातही मिळायचा नाही.

आता लंडनवाल्यांची मजा बघा. मी बनवतो ती डबस्टेप नावाची जी चीज आहे ती साउथ लंडनच्या क्रॉयडन भागातून आली, तिथे सरे स्ट्रीटच्या बाजारात बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, हॅचा नावाचा डीजे तिथे काउंटरवर आणि स्क्रीम, बेंगा ही शाळकरी पोरं तिथे पडीक. घरी कम्प्युटरवर ट्यून बनवायची, मग ट्रान्झिशन नावाच्या स्टुडिओत जाऊन तिची डबप्लेट कापून घ्यायची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा थर असतो, ती थोड्याच वेळा वाजते आणि मग झिजते, ही मूळची जमैकन साउंड सिस्टिमवाल्यांची पद्धत. आणि ती घेऊन जायचं शोरडिचला प्लास्टिक पीपलमध्ये. तळघरातला छोटासा क्लब, जवळजवळ अंधार, पण साउंड सिस्टिम अशी की ट्यूनमध्ये बेस कुठे फुगलाय, कुठे बसलाय हे चार आवर्तनांत चारचौघांत उघडं पडायचं. लंडनमधल्याच ब्रिक्स्टनला माला आणि कोकी वगैरे डबस्टेपवाल्या मंडळींनी २००५ मध्ये डीएमझी नावाची क्लब नाइट सुरू केली तेही एका चर्चच्या इमारतीत, आणि त्यांचं आवाहन काय, तर या आणि बेसच्या वजनावर ध्यान करा. पहिल्या वाढदिवसाला एवढी रांग लागली की सगळा कार्यक्रम उचलून मोठ्या हॉलमध्ये न्यावा लागला.

त्यांच्याकडे प्लास्टिक पीपल होतं. माझ्याकडे काकूंचं शोकेस आहे. प्लास्टिक पीपल २०१५ च्या सुरुवातीला बंद झालं, शोकेस सुरू होतं.

कारण झालं असं की काकू तक्रार करता करता तरबेज झाल्या. काका भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, डाव्या तोंडाला लावायची कणीक काकूच भिजवून द्यायच्या, किती सैल भिजवली की आवाज कसा पडतो हे त्यांना हातानेच माहीत. त्यामुळे बेस या विषयात आमच्या बेसवाल्यांच्या अख्ख्या सीनपेक्षा त्यांचा अनुभव दांडगा. व्हॉट्सॲपवर मेसेज यायला लागले. "आज फार पसरलंय." "कालचं बरं होतं, आज गिच्च झालंय." एकदा नुसतंच "डावीकडचा पहिलापण वाजला" आणि मी बघतो तर खरंच, दोन सेमिटोन, म्हणजे दोन अर्धे सूर वर एक नोट चुकून राहिली होती. मी जिन्यात गाठून विचारलं, काकू म्हणजे नक्की कुठे पसरतंय? तर म्हणाल्या, "अरे धुम् झाल्यावर थांबत नाही ना ते, पुढचा धुम् त्याच्या अंगावर येतो." याच गोष्टीसाठी लोक इंटरनेटवर हजारो रुपयांचे कोर्स विकतात.

मग त्यांनी विचारलं, "हे तुझं द्रुत का विलंबित?" आता बोला. डबस्टेपचा टेम्पो १४०, पण स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, पडतो तिसऱ्या मात्रेवर, त्यामुळे अंगाला ७० वाटतं, म्हणजे खरं उत्तर दोन्ही. तसं सांगितलं तर म्हणाल्या, हां, म्हणून गुडघा एक सांगतो आणि मान एक. मी मालाचं नाव घेतलं, बघा काकू माला काय बेस लावतो, तर त्यांना तो "लावतो" ऐकूच गेला नाही, म्हणाल्या मुलगी असून एवढं वजनदार वाजवते, कौतुक आहे. मी काही दुरुस्त करायला गेलो नाही.

नातेवाइकांचं मात्र काही होऊ शकत नाही. मावशी आली की "तुझं गाणं लाव की" आणि फोन पुढे करते. फोनच्या स्पीकरमधून ४४ हर्ट्झ बाहेर पडत नाही, तो स्पीकर नखाएवढा, त्याला काही शे हर्ट्झच्या खालचं झेपतच नाही, म्हणजे मी महिनाभर घासून केलेली बेसलाइन तिथे नाहीचे, उरतं काय तर टिक... टाक... आणि मध्येच एक शिट्टी. मावशी लक्ष देऊन ऐकते आणि म्हणते, बाथरूममधला नळ असाच गळतो आमचा, वॉशर बदल. मग आई सावरून घेते, "तो डीजे आहे," आणि त्याने आणखी घोटाळा होतो, कारण पुढचा प्रश्न हमखास, वरातीचं काय घेतोस?

आणि गिग म्हणाल तर तो वेगळाच छळ. आमच्या सीनमध्ये जेमतेम तीस-चाळीस डोकी आणि त्यातले निम्मे डीजे, त्यामुळे जो वाजवतोय तो सोडून बाकीचे हाताची घडी घालून मागच्या भिंतीला. ट्यून फारच भारी असेल तर बेसफेस करायचा, म्हणजे नाक मुरडायचं, खालचा ओठ पुढे काढायचा आणि मान हलवायची. नवीन माणसाला वाटतं सगळ्यांना ॲसिडिटी झालीय. अगदीच जमलं तर आरडाओरडा करून रीवाइंड, ट्यून मागे खेचून पहिल्यापासून, म्हणजे आपल्या संगीत नाटकातला वन्समोअरच, फक्त इथे वन्समोअर द्यायलाही समोर माणसं लागतात. पोस्टरवर नऊ लिहायचं, अकराला पहिला माणूस येतो, दीडला पुण्यातली सगळी शटर खाली, म्हणजे चार डीजेंना मिळून अडीच तास आणि त्यातला अर्धा तास "केबल कुणी आणलीय का?" यात.

मागच्या गिगला साउंडवाला दादा फार प्रेमळ होता. मी म्हटलं दादा, सब येत नाहीये. "बेस पायजे ना? देतो की!" म्हणून त्याने १०० हर्ट्झच्या आसपासचा नॉब पार उजवीकडे फिरवला. आता १०० म्हणजे छातीत बुक्की, वरातीत असते ती, आणि मला हवा होता तो त्याच्या खालचा, पोटऱ्यांतून चढणारा. तो काही येईना. शेवटी वाकून बघितलं तर सब होता, अठरा इंची, चांगला, पण त्याची वायरच काढून ठेवलेली. मॅनेजर म्हणाला वरती फॅमिली रेस्टॉरंट आहे, सूप हलतं. त्याच्याशी वाद घालणार काय, ज्याच्या सूपमध्ये लाटा येतात त्याची बाजू मला चांगली माहीत आहे. मग तो हळूच म्हणाला, शेवटी दोन लग्नातली लावा की, बिल तरी निघेल.

ब्रिटिशांनी तर १९९४ मध्ये कायदाच केला होता. माळरानावर रात्रभर चालणाऱ्या फुकटच्या रेव्ह पार्ट्या मोडायला, आणि त्यात संगीताची व्याख्या केली की एकापाठोपाठ एक येणारे, पुन्हा पुन्हा तेच ते ठोके. हा कायदा आपल्याकडे लावला तर आरतीच्या झांजांपासून नाशिक ढोलापर्यंत सगळे आत, बाहेर राहील फक्त माझी मावशी.

आणि मग येतात गणपती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंत उभी राहते, खोक्यांवर खोकी, दुमजली, आमच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या भाषेत डॉल्बी. नियमात वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, त्यातले बरेचसे याच काळात जातात. ती भिंत सुरू झाली की खिडक्यांची तावदानं, आईची मिसळणाची वाटी, सेक्रेटरींची कवळी, सगळं एफमध्ये, जीमध्ये, जमेल त्या सुरात. एक लेखी तक्रार नाही. काकूंनी विसर्जनाच्या आदल्या दिवशी सहाही ग्लास स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बेडच्या खणात ठेवले. मी म्हटलं काकू, हे तुम्ही माझ्या वेळी कधी केलं नाहीत. तर म्हणाल्या, "ते दहा दिवसांनी जातात. तू जातोस का?"

पण त्याने माझं जे नुकसान झालं ते कुणाला सांगणार! ग्लास गुंडाळले ते गुंडाळलेच, दिवाळीच्या साफसफाईत शोकेसही भंगारात गेलं आणि तिथे प्लायवुडचं मॉड्युलर युनिट आलं, दारं आपोआप हळू मिटणारी, आत सगळीकडे रबराची बारीक बुचं. काहीच वाजत नाही. आठवडाभर काकूंचा एकही मेसेज नाही आणि मी एक ट्यून अर्धवट घेऊन बसलेलो, बेस पसरतोय का गिच्च होतोय, काही पत्ता नाही. शेवटी गेलो खाली. म्हटलं काकू, निदान एक स्टीलची वाटी तरी ठेवा ना वरच्या फळीवर.

काकूंनी युनिटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ठेवते. पण वाटी तुझी आण. आणि पातळ बुडाची आण, जाडीला समजत नाही."

आता आई दही कशात लावू म्हणून घर डोक्यावर घेतेय.