अनामत रुपये पाचशे फक्त

आमच्या जिन्याखाली सध्या दोन कमोड खुर्च्या, पाठ वर होणारा दवाखान्याचा एक फाउलर बेड, जोडी फुटलेल्या तीन कुबड्या आणि घडी घातलेला एक वॉटर बेड असा ऐवज आहे. मागच्या महिन्यात धाकटीला बघायला माणसं आली होती. चपला काढता काढता मुलाची आई तिथंच थबकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "घरात कुणी अंथरुणाला खिळून आहे का?" मी अभिमानानं सांगितलं, "छे छे, हे सगळं आमच्या क्लबच्या साहित्य केंद्राचं. मी प्रमुख आहे त्या केंद्राचा." बाईंनी नवऱ्याकडं बघितलं. आजारपण एक वेळ चालतं, पण सासरा समाजसेवक असला की सगळ्या घरानं जपून राहावं लागतं. त्यांचा निरोप यायचाय अजून. बायको म्हणते, येणार नाही.

क्लब कोणता, ते विचारू नका. सेवा करणारे मोठे क्लब दोन, एक चाकाचा आणि एक सिंहाचा. दोन्ही शिकागोत जन्मले. चाकाचा १९०५ साली, सिंहाचा १९१७ साली. आमचा जन्मला सांगलीत. या दोन्हींतून भांडून बाहेर पडलेल्या नऊ माणसांनी तो काढला, आणि भांडून घर सोडणारा माणूस जसं हाताला लागेल ते उचलतो, तशा दोन्हीकडच्या प्रथा उचलून आणल्या. चाकवाल्यांची घंटा आणली. ती बडवल्याशिवाय सभा सुरू होत नाही. सिंहवाल्यांकडं 'टेल ट्विस्टर' नावाचा पदाधिकारी असतो, म्हणजे शेपूट पिळणारा. बिल्ला विसरला, उशीर झाला, की तो सभासदाकडून दंड घेतो. आमच्याकडं हे पद तालमीत वाढलेल्या एका पैलवानाकडं आहे, त्यामुळं दंडाची थकबाकी शून्य. वर्ष १ जुलैला सुरू करायचं, हेही तिकडचंच. ३० जूनला रात्री अध्यक्ष म्हणून झोपलेला माणूस सकाळी माजी अध्यक्ष म्हणून उठतो आणि पुढं मरेपर्यंत तेवढंच काम करतो.

मला पुष्कळदा वाटतं, १८९३ साली विवेकानंद शिकागोत बोलले आणि त्याच सुमारास इकडं सार्वजनिक गणपती सुरू झाले, तेव्हाच वाटणी होऊन गेली. सेवा शिकागोला गेली, वर्गणी आपल्याकडं राहिली.

यंदाचा कार्यअहवाल अध्यक्षांनी परवा वाचून दाखवला. जुलैत दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला शंभर रोपं लावली. पाणी घालायची पाळी ज्यांची होती त्यांनी ती पावसावर सोपवली, आणि दंडोबाचा पाऊस मिरजेपर्यंत येऊन माघारी जातो. मग रक्तदान शिबिर. रक्त द्यायला वजन किमान ४५ किलो लागतं आणि हिमोग्लोबिन साडेबारा. वजनात आम्ही कमी पडलो नाही. काही जण एकटे दोघांचं भरले. पण डॉक्टरांनी कुणाला बीपीमुळं, कुणाला साखरेमुळं आणि पासष्टी ओलांडलेल्यांना वयामुळं परत पाठवलं. शेवटी रक्त दिलं ते आमच्या भडंगवाल्या सभासदाच्या दुकानातल्या पोरांनी. रक्तदात्यांची बिस्किटं खाल्ली आम्ही.

खरं चालतं ते एकच काम: रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. पत्ता, आमचा जिना. शेजारी मिरज वैद्यकीय पंढरी असल्यामुळं माणसं गुडघे तिकडं बदलतात आणि चालायला सांगलीत येतात. दवाखान्यातून सुट्टी मिळाली की पहिला फोन घरी जातो आणि दुसरा मला. तोही रात्री साडेअकराला, कारण बिल भागवेपर्यंत तेवढे वाजतातच. "साहेब, कमोडची खुर्ची हाय का शिल्लक?" असं दचकून जाग आल्यावर ऐकायची बायकोला आता सवय झालीय. कमोड खुर्च्यांवरून सभेत मला कोणी हसलं, तर मी इतिहास काढतो. शिकागोच्या त्या चाकवाल्या क्लबानं १९०७ च्या सुमाराला लोकांसाठी पहिलं काम केलं, ते सार्वजनिक शौचालयाचं. म्हणजे मी परंपरा धरूनच आहे.

केंद्राचा नियम सोपा. अनामत भरायची, वस्तू न्यायची, काम झालं की परत आणून अनामत घेऊन जायची. वॉकरची अनामत पाचशे. हा आकडा मीच ठरवला, गरिबाला परवडावा म्हणून. आता गंमत अशी, की तोच वॉकर दुकानात हजार-बाराशेला मिळतो आणि सांगलीकर गणितात कच्चा नाही. पाचशेत वॉकर घरी आला, तर तो परत करून सातशेचं नुकसान कोण सोसेल? लोक अनामत मागायलाच येत नाहीत. फोन केला तर म्हणतात, "अहो, तो पुरात गेला की." २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, माणसं छपरावर बसली होती, तेव्हा वॉकर गेला तर मी काय बोलणार? पण २०२२ साली नेलेली खुर्ची २०१९ च्या पुरात गेली, आणि तीही चौथ्या मजल्यावरून, असंही एकानं मला सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

ती वही लाल बांधणीची, जाडजूड. तिच्यात आजमितीला चौदा थकबाकीदार आहेत.

तर केंद्र रिकामं पडत चाललं म्हणून नवीन साहित्य घ्यायचं ठरलं, आणि त्यासाठी निधी. स्मरणिका काढू, असं एक जण म्हणाला. पण गेल्या स्मरणिकेत मलपृष्ठाच्या जाहिरातीचे पैसे दिलेल्या सभासदाची जाहिरात आत श्रद्धांजलीच्या पानासमोर आली होती, आणि तो सभेत अजून आमच्याकडं पाठ करून बसतो. मग नाटक ठरलं. मुंबईचं दोन अंकी विनोदी नाटक, भावे नाट्यमंदिरात एक प्रयोग, देणगी प्रवेशिका पाचशे रुपये. प्रत्येकानं पंचवीसचं एक पुस्तक खपवायचं. पैलवान म्हणाले, "न खपलेल्या तिकिटांवर दंड." त्यांचा हा ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण बोलताना ते बाह्या सारत होते.

मी म्हटलं, सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. इथं नाटकाचं तिकीट खपवायला कष्ट कसले? पण हा हिशेब करताना मी एक गोष्ट विसरलो. भाव्यांचं ते पहिलं नाटक राजाच्या आश्रयानं झालं होतं. राजेसाहेब गेले, आश्रय संपला, तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन गाव सोडलं आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मुंबईत! सांगलीत तिकीट खपत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार.

पहिल्या दिवशी गणपती पेठेत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडं गेलो. ओळखीचा माणूस. "या साहेब, बसा. चा घ्या." चहा झाला. मी पुस्तक काढलं. "नाटक? वा वा, दोन द्या की," म्हणाला आणि हजार रुपये मोजले. मी खूश होऊन उठतोय तोवर त्यानं ड्रॉवर उघडला. "आमच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. तुमच्याकडनं एक हजार लिहू ना?" पावती लिहूनसुद्धा झाली होती. ते हजार मी परत त्याच्याच हातात दिले. पुढच्या दुकानात गणपती मंडळाचे खजिनदार निघाले, त्याच्या पुढच्या ठिकाणी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, आणि कापडवाल्याकडं त्याच्या पुतण्यानं मला विम्याची माहिती दिली. संध्याकाळी हिशेब केला. तिकिटं खपली सहा. पैसे जमले शून्य. शिवाय एक मॅरेथॉनचा टी-शर्ट, मला दोन मापं घट्ट. गावात बहुधा पाचशेच्या वीसेक नोटाच असाव्यात, आणि त्या सगळ्या निधी म्हणूनच फिरत असाव्यात.

सोसायटीतले लोक तर मी लिफ्टमध्ये शिरलो की जिन्यानं जायला लागले. त्यांतल्या एकाचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

तिसऱ्या दिवशी नशीब फळफळलं, तेही चुकून. विकलेल्या तिकिटांचा हिशेब लिहायला कोरा कागद सापडेना, म्हणून लाल वहीच काखोटीला मारून निघालो होतो. गावभागात एका वाड्यात गेलो. दार उघडणाऱ्या वहिनींची नजर माझ्यावर नाही, वहीवर गेली. चेहरा पांढरा पडला. मी नमस्काराला हात जोडायच्या आत त्या म्हणाल्या, "काका, आणूनच देणार होतो हो, खरंच. सासूबाईंचं झाल्यावर राहूनच गेलं बघा." मागं अंगणात माझी नजर गेली. मे महिना. दोन वॉकर समोरासमोर ठेवून त्यांवर धोतर ताणलं होतं आणि धोतरावर कुरडया वाळत होत्या. दोन! वहीत त्यांच्या नावावर एकच होता. दुसरा कुणाचा, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी म्हणालो, "नाही वहिनी, मी आपला नाटकाच्या तिकिटांसाठी..." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ओट्यावर ऐकू आला. "मग तीन द्या की!" वर बशीभर कुरडया तळून दिल्या.

मी परतताना वाड्याच्या दारात उभा राहून वही उघडली आणि पहिल्यांदाच तिच्याकडं धंद्याच्या नजरेनं बघितलं.

पुढचे चार दिवस मी फक्त थकबाकीदारांकडं गेलो. एका बंगल्यात आमच्या कमोड खुर्चीवर बसून ड्रायव्हर गाडीची चाकं धूत होता. मालकांनी चार तिकिटं घेतली आणि ड्रायव्हरला आत पाठवलं. खणभागात एका पोरानं कुबडीच्या टोकाला विळा बांधून कैऱ्या काढायचा आकडा केला होता. त्याच्या आजोबांनी दोन तिकिटं आणि पाच किलो कैऱ्या दिल्या. फाउलर बेड विश्रामबागेत सापडला. ज्यांच्यासाठी नेला ते ठणठणीत बरे होऊन सकाळी फिरायला जातात. त्यावर आता त्यांचा नातू स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. "पाठ वर करून वाचता येतं," तो म्हणाला. परीक्षा कधी आहे विचारलं, तर पुढच्या वर्षी. त्याच्या वडिलांनी अख्ख्या घरासाठी पाच तिकिटं घेतली. सगळ्यांनी एकच विचारलं, "वहीत काही लिहिणार नाही ना?" मी काही बोलायचो नाही. वही नुसती या काखेतून त्या काखेत घ्यायचो.

क्लबच्या सभेत माझा सत्कार झाला. बाकीच्यांची पुस्तकं जशीच्या तशी होती. अध्यक्षांनी तर अकरा तिकिटं स्वतःच्या सासुरवाडीला पाठवून दिली होती, कऱ्हाडला. मी रहस्य सांगितल्यावर सभागृहात थोडा वेळ शांतता पसरली. मग सचिव उठले. नाटकाचा रविवार होईपर्यंत एकही वस्तू परत मागायची नाही, असा त्यांनी ठराव मांडला. "कुणी आपणहून आणून दिली तर?" मी विचारलं. "घ्यायची नाही," सचिव म्हणाले, "सांगायचं, असू दे, वापरा." कोणीतरी असंही सुचवलं, की जिन्याखालचं राहिलेलं सामानही आताच वाटून टाकावं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तिकिटांची सोय होईल. नव्या साहित्याची यादी मात्र चर्चेला आलीच नाही, कारण तोवर जेवण लागलं.

कालची गोष्ट. माझ्याकडं दुसरं पुस्तक आलं होतं, अध्यक्षांच्या सासुरवाडीचं परत आलेलं, आणि त्यातली सात तिकिटं शिल्लक होती. वहीतले चौदाही जण संपले होते. बायको समोर लोणच्याच्या फोडी करत बसली होती. मी म्हटलं, कुणी सुटलं असेल, म्हणून वही मागून पुढं चाळत चाळत पार पहिल्या पानापर्यंत गेलो. वस्तू क्रमांक एक ते तीन जमा. क्रमांक चार, वॉकर, १२ जून २०१६. जमा नाही. अक्षर माझंच. नेणाऱ्याच्या रकान्यात नावही माझंच.

आईसाठी आणला होता. ती त्याला 'माझी सायकल' म्हणायची आणि स्वयंपाकघरात कुणी मध्ये आलं की तोंडानं घंटी वाजवायची. ती गेल्यावर तो मागच्या खोलीतच राहिला. गेली सहा वर्षं आम्ही त्यावर ओले टॉवेल टाकतो. हजार वेळा हात लागला असेल. केंद्राच्या यादीत तो आहे, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

मी वही तिच्यापुढं सरकवली. तिनं चष्मा लावून वाचलं. मग विळी बाजूला ठेवली.

"तिकिटं किती राहिलीत?"

"सात."

"आणि अनामत भरली होती का तुम्ही?"

मी रकाना बघितला. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पदाधिकारी, माफ.'

"म्हणजे आठ पाचशे," ती पदराला हात पुसत म्हणाली. "चार हजार. काढा."