चारी दिशांना रस्ते आणि एकच रविवार

मुंबईकराला रविवारी गाडी काढायची झाली तर फार विचार करावा लागत नाही. पश्चिमेला समुद्र आहे, तिकडे गाडी जात नाही, म्हणजे एक दिशा देवानेच कापून टाकलेली. उपराजधानीच्या माणसाला ही सवलत नाही. नागपुरात झिरो माइलचा स्तंभ आहे. इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातला, शेजारी चार घोडे, आणि स्तंभावर जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल अशी अंतरं कोरलेली. पाहुण्यांना आम्ही तो ‘भारताचा मध्य’ म्हणून दाखवतो आणि पाहुणे भिडेखातर मानतात. मध्य असो वा नसो, चारी बाजूंना जमीन आहे, चारी बाजूंना रस्ता आहे आणि घरातल्या प्रत्येकाची एकेक दिशा ठरलेली आहे.

बाबांना सेवाग्राम. आईला रामटेक. पोरांना वाघ, आणि तोही रस्ता ओलांडताना. वहिनी म्हणतात, “कुठेही चालेल, फक्त ऊन नको.” विदर्भात यापेक्षा अवघड मागणी नाही. मग फॅमिली ग्रुपवर पुण्याचे जावई लिहितात, “चिखलदरा का नाही?” जावयाला उत्तर कोण देणार? पण कुणीतरी द्यायलाच हवं, म्हणून मी इथेच देतो: चिखलदरा एका बाजूने सुमारे २३० किलोमीटर आहे आणि परतवाड्यानंतर घाट लागतो. गाव अकराशे मीटरवर आहे, हवा सुरेख आहे, कॉफीची झाडं आहेत. पण सकाळी निघून रात्री परतायचं तर तिथे फक्त गाडी वळवायला वेळ उरतो. मुक्काम असेल तरच त्याचं नाव काढावं.

एका दिवसाच्या सहलीचा माझा नियम एकच: नाका एकच. कामठी रोडने बाहेर पडलात तर त्याच अंगाचं पाहायचं, म्हणजे कन्हान, मनसर, रामटेक, पेंच. वर्धा रोडने निघालात तर बुटीबोरी, केळझर, पवनार, सेवाग्राम. उमरेड रोडने कऱ्हांडला, कोराडी रोडने सावनेरकडे अदासा आणि धापेवाडा. “सकाळी रामटेक करू, दुपारून सेवाग्राम” असं म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो. रामटेक ईशान्येला पन्नासेक किलोमीटर, सेवाग्राम नैर्ऋत्येला पंचाहत्तरेक. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर होतात, हे काका मान्य करतात. मध्ये नागपूर नावाचं शहर आडवं येतं, हे मात्र ते हिशेबात धरत नाहीत. ऑटोमोटिव्ह चौकातून निघून वर्धा रोडला लागेपर्यंत जो पाऊण-एक तास जातो, त्यात सिग्नल दिसतात, उड्डाणपुलांचे खांब दिसतात, सहल दिसत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर त्यात मोर्चे आणि बंद केलेले रस्ते मिळवा.

आता वाघ. खरी परीक्षा इथेच आहे, आणि ती जंगलात नसून घरच्या टेबलावर होते.

पहिला पेच असा की पेंच दोन आहेत. नदी एक, जंगल एक, वाघही त्याच भागातले, पण राज्यं दोन. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार ही महाराष्ट्राची गेटं. खवासाहून आत वळल्यावर लागणारं टुरिया हे मध्य प्रदेशाचं. बुकिंगची संकेतस्थळं वेगळी, शुल्क वेगळं, सुट्टीचे वार वेगळे. मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची फेरी नसते. ताडोबा मंगळवारी बंद असतं. टुरियाचं तिकीट घेऊन सिल्लारीला गेलात तर तिथला कर्मचारी अत्यंत शांतपणे तुम्हाला दुसऱ्या राज्यात पाठवतो, आणि तुम्ही पोहोचेपर्यंत सकाळची फेरी आत गेलेली असते.

दुसरा पेच पवनीचा. सिल्लारीला जायला जबलपूर महामार्गावर देवलापारच्या अलीकडे पवनीला डावीकडे वळायचं. पण भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी दुसरी पवनी आहे, आणि ती चांगली मोठी. तिच्या बाजूनेही जंगलात शिरायला गेट आहे, तेही वाघाच्याच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘पवनी गेट’ टाकलंत तर तो आपल्या मनाने एक पवनी निवडतो. पहाटे चार वाजता गाडीतल्या सगळ्यांनी माना टाकलेल्या असतात, चालवणाराही नकाशातल्या बाईच्या आवाजावर चालतो, आणि उजाडल्यावर वैनगंगेचा पूल दिसतो. म्हणून गेटचं पूर्ण नाव टाका आणि आदल्या संध्याकाळी एकदा रस्ता डोळ्यांखालून घाला.

ताडोब्याचंही तेच. ‘ताडोबा’ हा पत्ता नव्हे. मोहर्लीला वरोरा-चंद्रपूरच्या अंगाने जावं लागतं, कोलारा गेटला उमरेड-भिसी-चिमूरवरून. नकाशावर दोन्ही गेटं एकाच हिरव्या ठिपक्याला चिकटलेली दिसतात. पण आतला रस्ता तुमच्या गाडीसाठी नाही. चुकीच्या गेटाहून बरोबर गेटाला जायचं म्हणजे अख्ख्या जंगलाला बाहेरून वळसा, सहज दीड-दोन तास.

तिसरा पेच अंकगणिताचा. आपली गाडी जंगलात चालत नाही; जिप्सी घ्यावी लागते, सोबत गाईड सक्तीचा, आणि एका जिप्सीत पर्यटक सहा. घरात माणसं सात. हा सातवा कोण, यावर घराघरांतून जे राजकारण होतं ते अधिवेशनातही होत नसेल. दोन जिप्सी केल्या तर शुल्क गाडीमागे असल्यामुळे खर्च दुप्पट होतो आणि दुसऱ्या जिप्सीला वाघ दिसला तर बोलचाल बंद होते. मी म्हणतो, सातव्याला आदरपूर्वक रामटेकला उतरवा. गड आहे, कालिदास स्मारक आहे, खिंडसीच्या तलावात नावा आहेत. फक्त प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं दर्शनाच्या रांगेत उभी राहत नाहीत.

बुकिंग करताना जे नाव आणि जो ओळखपत्राचा क्रमांक टाकला, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. “फोटो आहे ना मोबाइलमध्ये” हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं आणि रोज निष्फळ ठरतं. ताडोब्यात गाभा क्षेत्रात मोबाइल नेताच येत नाही. वाघ दिसला तर पुरावा काय, या चिंतेने काही जण अर्धी फेरी उदास असतात.

वेळेचं गणित उलटं मांडायचं असतं. तिकिटावर सकाळी सहा लिहिलंय (ऋतूप्रमाणे ते मागेपुढे होतं, तिकीट नीट वाचा). कागद दाखवून जिप्सीत बसायला अर्धा तास, म्हणजे साडेपाच. नागपूर ते सिल्लारी सत्तरेक किलोमीटर, पण शेवटचा टप्पा अरुंद, अंधारा आणि जनावरांचा, म्हणून पावणेदोन तास. म्हणजे पावणेचार. त्यात एक ‘गॅस बंद केला का’ म्हणून परत फिरणं धरा, साडेतीन. आणि प्रत्येक माणसामागे अंघोळीला बारा मिनिटं, बाथरूम एक, माणसं सहा. शेवटची अंघोळ सव्वातीनला संपायची तर पहिली दोनला सुरू व्हायला हवी. हे गणित रात्री जेवताना मोठ्याने सांगितलं की अंघोळीचे इच्छुक आपोआप कमी होतात.

देवलापारपासून खवाशापर्यंतच्या पट्ट्यात महामार्ग मध्येच उंचावतो. ते उगाच नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या या रस्त्याखाली वन्यप्राण्यांसाठी नऊ ठिकाणी वाट सोडलेली आहे, सर्वांत लहान ५० मीटरची, सर्वांत लांब ७५० मीटरची. वाघ, चितळ, रानकुत्री तिथून खरोखर ये-जा करतात. म्हणजे तुम्ही हजारोंची जिप्सी ठरवून गेटाकडे धावत असता, तेव्हा तो बिनतिकिटाचा तुमच्या चाकांखालून पलीकडे जात असू शकतो. यावर गाडी थांबवून वाकून पाहायचं नाही. मागून ट्रक येतात.

फेरीआधी तर्री पोहे खाऊ नयेत. माझ्यासारख्या माणसाने हे लिहिणं म्हणजे स्वधर्माशी गद्दारी आहे, पण कारण व्यवहाराचं आहे. हरभऱ्याची लाल तर्री, वरून कच्चा कांदा, मग एक ‘और तर्री मार ना भाऊ’, आणि त्यानंतर तीन-चार तास खडखडणारी जिप्सी, जिच्यातून ठरलेल्या विश्रांतीच्या जागेशिवाय उतरायची मनाई. चितळाचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल देणारी हाक, ऐकू आली म्हणून सगळे श्वास रोखून बसलेले असताना एक जण वेगळ्याच कारणाने श्वास रोखून बसलेला असतो. जाताना बिस्किट आणि केळं, तर्री परतताना.

आता ऋतू. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं. बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याची, काही गेटं पाऊस पाहून उघडी ठेवतात, आणि ‘पाऊस पाहून’ म्हणजे त्याच सकाळी पाहून. पावसाळ्यात आडवाटेच्या नाल्यांवरचे पूल बुटके असतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. समोरून ट्रॅक्टर आला म्हणजे आपली कारही जाईल असं नाही. ट्रॅक्टरची चाकं मोजून पाहा.

वाघ दिसण्याची शक्यता जास्त एप्रिल-मेमध्ये, कारण जंगल उघडं पडतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. त्याच काळात पारा ४५ च्या आसपास असतो. वाघ पाण्यात बसलेला असतो, तुम्ही उन्हात. डिसेंबरात गेलात तर उघड्या जिप्सीत पहाटे सहा वाजता दात वाजतात आणि दहा वाजता स्वेटर कुठे ठेवावा कळत नाही. कानटोपी आणि एक ब्लँकेट न्या. मफलर, मोजे, हातमोजे घालून बसलेल्या काकांना पाहून हसू नका, तासाभराने तुम्ही त्याच ब्लँकेटचं टोक मागणार आहात.

उन्हाळ्यात गाडीचीही तब्येत पाहावी लागते. टायरमधली हवा सकाळी निघताना, टायर थंड असताना तपासायची. दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला आकडा असतो तोच ठेवायचा. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने चढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो. दुपारी तापलेल्या टायरचा दाब मोजून “जास्त आहे” म्हणून हवा सोडणारे महाभाग दुसऱ्या दिवशी कमी हवेवर गाडी चालवतात. खरा धोका त्यात आहे, कारण कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि वेगात फुटतो. कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की तो स्वतःहून उत्तर देतो. बॅटरीला तीनेक वर्षं झाली असतील तर तीही तपासून घ्या. लोक समजतात ती थंडीत मरते, पण उन्हाळा तिला आतून संपवतो. बाकी खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, यावर माझा विश्वास नाही. पण आईने दिलेला कांदा नाकारण्याचं धाडसही नाही. सोबत माणशी दोन लिटर पाणी आणि पन्ह्याची बाटली असू द्या, कांदा आपलं काम करो न करो.

वर्ध्याची बाजू त्यामानाने सोपी. फक्त समृद्धीने जायचं की जुन्या रस्त्याने, हे ठरवा. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, किलोमीटरला साधारण दोन रुपये टोल आहे, आणि दुचाकीला मनाई आहे. “मी बुलेटवर मागून येतो” म्हणणाऱ्या भाच्याला हे आदल्या रात्रीच सांगा. येळाकेळीला उतरलात की वर्धा जवळ, पण केळझरचा गणपती आणि पवनारचा विनोबांचा आश्रम हे दोन्ही जुन्या, सेलूच्या रस्त्यावर राहून जातात. १९३६ मध्ये गांधीजी ज्या खेड्यात राहायला आले, तिथे ताशी १२० ने जाण्यात काय मिळवायचं, असा माझा सवाल आहे. जाताना जुना रस्ता, धाम नदीकाठी पवनार, मग सेवाग्रामला बापूकुटी, वर्ध्यात गोरसपाकाची बिस्किटं. परतताना अंधार व्हायच्या आत समृद्धी. सरळ काँक्रीटवर पोट भरल्यावर डोळा लागतो, म्हणून चालवणाऱ्याशेजारी बडबडा माणूस बसवा. तो प्रत्येक घरात असतो; एरवी त्याला मागे बसवतात.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, ते निघण्याआधी बघा. नसतील तर राष्ट्रीय महामार्गावर टोल जास्त पडतो आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न फुकट.

परतल्यावर हिशेब. पेट्रोल सोपं: दीडशे किलोमीटर, पंधराचा ॲव्हरेज, दहा लिटर, एसी लावला म्हणून वर एखादा. टोल सोपा. जिप्सीला मात्र भांडण ठरलेलं. ज्याला वाघ दिसला नाही कारण तो त्या क्षणी बाटलीचं झाकण शोधत होता, तो सहाव्या हिश्शावर सूट मागतो. ज्याला दिसला तो म्हणतो, शेपटीच दिसली. आणि रामटेकला उतरवलेला सातवा माणूस म्हणतो की त्याने काहीच पाहिलं नाही, सबब काहीच देणार नाही. नावेचे, प्रसादाचे आणि माकडाने पळवलेल्या पिशवीचे पैसे मात्र सगळ्यांत वाटून घ्या.