एकाच मिनिटाला ऑर्डर, तरी माल वेगळ्या दिवशी

राजापूर, जवाहर चौक, संध्याकाळचा कट्टा. वादाचं कारण नवा फोन. एकाच दुपारी, मिनिटभराच्या फरकाने दोन ऑर्डरी गेल्या. रत्नागिरीच्या मावसभावाची निघाली, इथल्या पोराची अजून ‘प्रोसेसिंग’वरच.

“रेशनच्या दुकानातसुद्धा आधी आला त्याला आधी मिळतं,” गुरुजी तापले. “इथे वशिला चाललाय.”

“रांग एक असली तर ना, गुरुजी!” कुरियरवाला म्हणाला. “काळा १२८ जीबी आणि निळा २५६ जीबी हे गोडाऊनच्या लेखी दोन वेगळे माल. पहिल्या खेपेत कुठला किती आला, त्यावर सगळं. स्टीम डेकचं बघा, हातात धरून गेम खेळायचा कॉम्प्युटर. १६ जुलै २०२१ ला पाच डॉलरवर नोंदणी उघडली. मॉडेलं तीन, ६४, २५६ आणि ५१२ जीबी. प्रत्येक मॉडेलची नि प्रत्येक प्रदेशाची रांग निराळी. सुट्या भागांची टंचाई आली नि डिसेंबरचा वायदा फेब्रुवारी २०२२ वर गेला. नंबर लागल्याचा मेल आल्यावर ७२ तासांत पैसे भरले नाहीत, तर जागा पुढच्याला.”

“म्हणजे मागचा पुढे गेला तरी चोरी नाही?”

“त्याच मॉडेलचा, त्याच प्रदेशातला मागचा पुढे गेला, तर खुशाल भांडा.”

मोबाईल दुकानवाल्याने रास्पबेरी पायचा, म्हणजे एका बोर्डावरच्या छोट्या स्वस्त कॉम्प्युटरचा विषय काढला. २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्री सुरू झाली, पहिली खेप फक्त १०,००० बोर्डांची, आणि विकणारे वितरक दोन. दोघांची पद्धत वेगळी, तारखाही वेगळ्या. त्यात कारखान्याने नेटवर्कचा जॅक चुकीचा बसवलेला. मॅग्नेटिक्स, म्हणजे आत छोटे ट्रान्सफॉर्मर असलेला हवा होता, लागला साधा. तो बदलेपर्यंत सगळेच थांबले. एका जॅकपायी अख्खी खेप अडते, ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटवणं सगळ्यात कठीण, असं त्याचं मत.

“ऑर्डरच्या वेळेवर जाऊ नकोस,” तो पोराला म्हणाला. “पैसे पक्के कधी झाले ते बघ. यूपीआय ‘पेंडिंग’ राहिलं की नंबर मागे. जुना फोन एक्सचेंजला टाकलायस? मग तो दारात तपासणारा माणूस त्या पिनकोडला लागतो.”

पिनकोडवर गाडी आली नि कुरियरवाला खुलला. रत्नागिरी ४१५६१२, राजापूर ४१६७०२. जिल्हा एक, पण पहिले तीन आकडे, म्हणजे टपालाचा सॉर्टिंग जिल्हा, वेगळे. खासगी कुरियर टपालाचीच वाट धरतात असं नाही, पण रूट पिनवरच बांधतात. एकाची गाडी पनवेलहून हायवेने उतरते, दुसऱ्याची कोल्हापूरहून घाटाने. पावसात अणुस्कुऱ्यात दरड आली की दुसरा अडकला. गणपतीत हायवेवर अवजड गाड्यांना बंदी, तेव्हा पहिला. आयफोन १५ ची विक्री २२ सप्टेंबर २०२३ ला, नि चतुर्थी १९ ला. चाकरमानी पोचले, पार्सलं मागे!

“आणि पॉवर बँक? एकाच ऑर्डरीत होती की,” पोरगा कुरकुरला.

“मेल्या, ती सुटी बॅटरी धरतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. फोनमध्ये बसवलेल्या बॅटरीचे नियम वेगळे. म्हणून फोन उडतो नि पॉवर बँक ट्रकने. काही विक्रेते दोन्ही एकत्र पाठवायचं म्हणून फोनही रोखतात. पुढच्या वेळी ऑर्डरी वेगळ्या टाक.”

गुरुजींनी मावसभावाचा ‘शिप्ड’ मेसेज पुढे केला. कुरियरवाल्याने ट्रॅकिंग उघडून दाखवलं: लेबल तयार, पिकअप नाही. विक्रेत्याने चिठ्ठी छापली एवढंच, खोका तिथेच. पिकअपचा पहिला स्कॅन पडला की माल हलला समजायचं.

“मग रद्द करून निळा घेऊ?”

“रद्द केलास की शेवटून पहिला. आधी ऑर्डर न टाकता निळ्याची तारीख बघ, राजापूरच्या पिनवर नि मावशीच्या पिनवर. दोन्हीकडे काळ्याआधीची निघाली तरच विचार कर. रत्नागिरीलाच लवकर मिळत असेल तर अडचण पत्त्याची.”

“खरी तारीख आधीच सांगायला यांचं काय जातं?” गुरुजींचा हेका कायम.

“खेप गोडाऊनला उतरून तुमच्या ऑर्डरीच्या नावावर एक खोका लागेपर्यंत ती तारीख त्यांचाही अंदाजच असतो, गुरुजी. खोका लागला की मग कार्डावरचे पैसे खरे कापतात काही विक्रेते. बँकेचा मेसेज बघत राहा, तो ‘शिप्ड’पेक्षा लवकर येतो.”

“माझे तर पहिल्याच दिवशी कापले,” पोरगा म्हणाला.

“यूपीआयने भरलेस ना? मग ती खूण तुला नाही.”