खुलासा: लाकूड काढायला आधी वाट आखल्याने जंगलाचं नुकसान वाढत नाही

शहापूर-मुरबाडकडच्या जंगलांबद्दल ठाण्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘ओंडके काढायला आधी रस्ता आखतात, म्हणून जास्त झाडं जातात. ट्रॅक्टर हवे तिथून जाऊ दिले तर जंगल वाचेल.’ कळकळ खरी आहे, पण म्हणणं उलटं आहे.

माती दबते ती मुख्यतः पहिल्या काही फेऱ्यांतच. म्हणजे ट्रॅक्टर दहा वाटांनी गेले तर दहा पट्टे कडक होतात, एकाच वाटेने गेले तर एकच. कडक जमिनीत पाणी मुरत नाही, बी रुजत नाही, आणि आपल्याकडच्या जुलैच्या पावसात चाकोरीची घळ व्हायला वेळ लागत नाही. वाट आधी ठरली की झाड तिच्या रोखाने पाडता येतं, ओंडका ओढताना शेजारची रोपं कमी चिरडतात. मलेशियातल्या साबा राज्यात १९९०च्या दशकात वाटा, पाडण्याची दिशा आणि वेलींची छाटणी आधी ठरवून तोड झाली, तेव्हा उरलेल्या झाडांची हानी नेहमीच्या तोडीच्या निम्म्याहून कमी झाली.

एक भीती मात्र रास्त आहे. ओढ्याच्या काठाने काढलेली किंवा काम संपल्यावर उघडी ठेवलेली वाट घातकच: गाळ पाण्यात जातो, चोरट्या तोडीला आयता रस्ता मिळतो. ठाणे-मुंबईला पाणी देणारं भातसा धरण शहापूर तालुक्यातच आहे, हे ठाणेकरांनी विसरू नये. त्यामुळे रस्ता का आखला असं विचारण्यापेक्षा तो ओढ्यापासून किती लांब आहे, उतारावर पाणी बाजूला वळवणारे आडवे चर आहेत का, पावसाळ्यात वाहतूक बंद असते का, हे विचारा.