एल सीट, जड लोखंड आणि अण्णाकाकांचा मेसेज

रविवारी भाचीचा फोन आला. "मावशी, ऑप्शन फॉर्ममधून मेकॅनिकल काढून टाकू का?" इंजिनियरिंगच्या सीईटीचे पर्सेंटाइल चांगले, आठवीपासून सायकल खोलून पुन्हा जोडणारी पोरगी. आता काय झालं म्हणून विचारलं, तर अण्णाकाकांनी ग्रुपवर टाकलेला मेसेज वाचून आमची ताई घाबरलेली. तोच मेसेज मला आधी दोन ठिकाणांहून आला होता. खाली सही 'एक जागरूक पालक'. मी तेव्हा वाचून सोडून दिला, ही माझी चूक.

मेसेजचं म्हणणं असं: मुलींचा मेंदू गणितासाठी घडलेलाच नाही, जड काम त्यांना झेपत नाही, यंत्रांची आवडही नसते. तरी सरकार जागा राखून, फी माफ करून मुलांच्या ताटातलं त्यांना वाढतंय. आणि शेवटी त्या लग्न करून घरीच बसतात.

जड कामापासून सुरू करते, कारण हे लिहिणाऱ्याने कारखाना फाटकाबाहेरूनच पाहिलेला दिसतो. मी मेकॅनिकलची. इतक्या वर्षांत एकाही इंजिनियरला इंजिनचा ब्लॉक खांद्यावर घेऊन जाताना पाहिलं नाही. ते काम क्रेन करते, आणि क्रेनचं बटण दाबायला दंड-बैठका लागत नाहीत. उलट कोणी मर्दानगी दाखवायला हाताने उचलायला गेला तर सेफ्टीवाले त्याची बिनपाण्याने करतात. आणि बांधकामावर बायका दिवसभर डोक्यावरून घमेली वाहतात, तेव्हा कोणाला त्यांचा नाजूकपणा आठवत नाही. तीच बाई हेल्मेट घालून, हातात ड्रॉइंग घेऊन उभी राहिली की लगेच आठवतो!

आता 'आवड नसते'. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ काढून वाचा: बाईने कारखान्यात काम करायचं ते सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच, असं त्यात होतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून अटींसह रात्रपाळी खुली केली. कारखाना तीन शिफ्टमध्ये चालतो. नव्या इंजिनियरला तिन्ही शिफ्ट फिरवतात, काम तिथेच कळतं. मग मुलाखतीत मुलींना काय ऐकावं लागत असेल? "मॅडम, शिफ्टचा प्रश्न आहे." मलाही हेच ऐकवलं होतं. खाणींचं तर आणखी पुढे. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली कामच नव्हतं. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ते दार उघडलं २०१९ मध्ये. आधी दाराला कुलूप घालायचं आणि मग म्हणायचं, यांना आत यायची हौसच नाही.

आवडीचंच बोलायचं तर केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा २०२१-२२ चा अहवाल बघा. विज्ञान शाखेत देशभरात ५७.२ लाख विद्यार्थी, त्यात मुली २९.८ लाख. म्हणजे मुलांपेक्षा जास्त. इंजिनियरिंगला मात्र शंभरात तिसाच्याही आत. विज्ञान आवडतं आणि इंजिनियरिंगशी वैर, असं कसं? बीएस्सी गावाजवळच्या कॉलेजात कमी फीत होते. इंजिनियरिंगला फी मोठी, होस्टेल लांब, आणि घरात एकाचीच सोय होणार असेल तर ती कोणाची होते हे आपल्याला माहीत आहे.

मेंदूबद्दल फार लिहीत नाही. २०१० मध्ये २४२ अभ्यास आणि सुमारे १२.८ लाख माणसांची माहिती एकत्र करून गणितातला मुलगा-मुलगी फरक मोजला गेला. तो जवळजवळ शून्य निघाला. आणि मेसेजमधलं 'एक मेरी क्युरी सोडली तर कोण?' याला उत्तर आपल्याच घरातलं आहे. दुर्गाबाई भागवतांची बहीण, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, अटींवर आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली.

ताटातलं ओढण्याबद्दल. आपल्याकडे कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, त्याच एल सीट, हे खरं. कॉम्प्युटरला एखाद्या मुलाची जागा त्यामुळे थोडक्यात हुकतही असेल, नाही म्हणत नाही. पण एल सीटला मुलगी मिळाली नाही तर ती जागा मुलालाच जाते, हे मेसेजमध्ये नाही. आयआयटीत तर २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, मुलांच्या कापून नव्हे.

लग्नाचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही. वर्गात आम्ही सहा जणी होतो, आज या क्षेत्रात दोघी आहोत. बाकीच्या चौघींपैकी एकीलाही काम जमत नव्हतं असं नाही. नवऱ्याची बदली, पाळणाघर नाही, सासऱ्यांचं आजारपण. अण्णाकाका, यातली मेंदूची कारणं कोणती?

ताई, तुझ्यासाठी एवढंच. फीमाफी २०२४-२५ पासून लागू आहे. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं, होस्टेल-मेसचे पैसे वेगळे धर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोमवारीच अर्ज टाक. आणि फॉर्म तिचा तिला भरू दे.