सिल्विशच्या उद्यानात कवी-राजाची कबर नाही

पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या सिल्विश शहरातल्या अल-मुतामिद चौकाचे फोटो सध्या फिरताहेत. सोबत मजकूर असा : 'हजार वर्षांपूर्वीची मुस्लिम राजाची बाग, इथेच त्याची कबर.' दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

पाण्याची कुंडं आणि शिल्पं असलेला हा चौक अगदी आधुनिक आहे. शहराने तो अकराव्या शतकातला मुस्लिम कवी-राजा अल-मुतामिद याच्या नावाने सजवला, एवढंच. अल-मुतामिदचा जन्म आजच्या पोर्तुगालमधल्या बेजा शहरातला. तरुणपणी तो सिल्विशचा कारभार पाहायचा आणि १०६९ मध्ये आजच्या स्पेनमधल्या सेव्हिलच्या गादीवर बसला. इब्न अम्मार हा त्याचा जिवलग कवीमित्र. सिल्विशमधल्या शराजीब महालाच्या आठवणी काढणारी अल-मुतामिदची कविता आजही वाचली जाते, आणि या शहराशी त्याचं खरं नातं तेच. पुढे त्याच मित्राला त्याने स्वतःच्या हातांनी मारलं असं इतिहासकार सांगतात. फॉरवर्ड करणाऱ्यांना ही हकीकत कशी सुचली नाही कोण जाणे!

१०९१ मध्ये अल-मोराविदांनी (उत्तर आफ्रिकेतलं मुस्लिम राजघराणं) सेव्हिल घेतलं आणि त्याला कैद करून मोरोक्कोत नेलं. तिथेच, माराकेशजवळच्या अघमात गावी, १०९५ मध्ये तो वारला. कबर तिथेच आहे.

त्याच मजकुरात किल्ल्याच्या दाराशी असलेल्या ब्राँझच्या पुतळ्यालाही 'अल-मुतामिद' म्हटलंय. तो पुतळा पोर्तुगालचा राजा सांशू पहिला याचा. ११८९ मध्ये त्याने हे शहर मुस्लिम सत्तेकडून जिंकून घेतलं होतं.